बॅटरी कायले बदलता, काका?

वरोरा-चिमूर रस्त्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रॅक्टरचा सेल्फ, पिकअपचा डायनॅमो, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि खरिपात कपाशीवरचे फवारणीचे बॅटरी पंप, हे माझं रोजचं काम. उन्हाळ्यात त्यात ताडोबाला जाणाऱ्या गाड्यांची भर पडते. पाणवठ्यावर वाघ दिसेल या आशेनं लोक मे महिन्यातल्या 45-46 डिग्रीतही येतात.

अशाच एका सकाळी एक घरगाडी दुकानासमोर थांबली. मोठ्या व्हॅनला आतून पलंग, ओटा, सिंक, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी असं सगळं बसवून घेतलेलं. पुण्याकडचे काका-काकू, दोघंही रिटायर. रात्रीपासून नळाला पाणी नाही, पंप नुसता कण्हतो, आणि पहाटे फ्रीजही बंद पडला. वाटेत एकानं पाहून सांगितलं होतं, "बॅटरी गेली, नवीन टाका." काका पैसे काढायच्या तयारीतच होते.

मी म्हटलं, "बॅटरी कायले बदलता, काका? आधी पाहू तं द्या."

तेवढ्यात काकू हळूच म्हणाल्या, "दादा, फ्रीजमध्ये माझं इन्सुलिन आहे हो."

मग बाकीचं सगळं बाजूला ठेवलं. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं, आणि आमच्याकडं त्या दिवसांत टपरीतला टेबलसुद्धा हाताला चटका देतो. घर दुकानामागंच आहे. बायकोनं तो डबा आमच्या फ्रीजमध्ये ठेवला आणि काकूंना कूलरपुढं बसवलं. त्यानंतर मी मीटर हातात घेतला.

बॅटरी 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) ट्युब्युलर, आपण इन्व्हर्टरला लावतो तीच. लोड नसताना 12.2 व्होल्ट. म्हणजे अर्धी उतरलेली, पण मेलेली नाही. हायड्रोमीटरनं, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता (ग्रॅव्हिटी) मोजायच्या नळीनं, सहाही सेल पाहिले. सगळ्यांची ग्रॅव्हिटी 1180 च्या आसपास, फरक नावालाच. अशी बॅटरी फुल चार्ज असली की 1240 च्या घरात जाते. एखादा सेल खराब असता तर तो एकटाच खाली दिसला असता. सहाही सारखेच खाली, म्हणजे या बॅटरीला पोटभर चार्जच मिळत नव्हतं. नवी टाकली असती तर चार दिवसांनी तिचंही हेच झालं असतं, आणि काका तेव्हा कुठल्या तरी जंगलाच्या गेटावर अडकले असते. बॅटरीचा निकाल सेल न तपासता देणं मला पटत नाही. हजारो रुपयांचा प्रश्न असतो.

मग पंप चालू करून मोजलं. बॅटरीच्या टर्मिनलवर 12.0, पंपाच्या टर्मिनलवर 9.6. अडीच व्होल्ट वाटेतच गडप! पंप साडेसहा अँपिअर खात होता. प्लसची वायर दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिमी, म्हणजे बारीक), आणि बॅटरी पुढं, पंप मागं, मध्ये जवळजवळ आठ मीटर. या वायरमध्ये अर्धा-पाऊण व्होल्ट पडणारच. पण बाकीचा?

मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर ठेवली, दुसरी गाडीच्या चेसिसवर. पंप चालू असताना तिथं शून्याच्या जवळपास यायला हवं. आलं 1.8.

हाताखालचा पोरगा सीटखाली वाकला होता. तो म्हणाला, "भाऊ, हा बोल्ट तापला जी!"

बॅटरीची मायनस केबल चेसिसला एकाच बोल्टनं जोडली होती, तीही रंगावरूनच. रंग खरवडलेला नव्हता. बोल्टच्या कडेनं काय टेकत असेल तेवढीच अर्थिंग, आणि आता तिथं गंज धरला होता. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर थिंबलखाली (केबलच्या टोकाची कडी) तपकिरी पूड आणि एका बाजूला काळा डाग. पंपाची मायनसही बॉडी अर्थ, म्हणजे वेगळी वायर न ओढता गाडीच्या पत्र्यालाच जोडलेली, आणि डायनॅमोकडून बॅटरीला येणारं चार्जिंगही याच बोल्टातून. एका बोल्टानं पंपाचे व्होल्ट खाल्ले आणि बॅटरीचं चार्जिंगही अडवलं. इंजिन चालू करून क्लॅम्प मीटर लावला, तर बॅटरीत जेमतेम सहा अँपिअर जात होते. दिवसभर गाडी चालवूनही ती भरणार कशी?

बोल्ट काढला, रंग आणि गंज कानसीनं लखलखीत पत्रा दिसेपर्यंत घासला, नवीन थिंबल आणि दातेरी वायसर टाकून आवळला, वरून ग्रीस लावलं. शेतातल्या मोटरच्या कामासाठी ठेवलेली सहा स्क्वेअरची वायर होती, ती प्लस आणि मायनस दोन्ही थेट बॅटरीपासून पंपापर्यंत ओढली. फ्यूज पंपाजवळ दिला होता, तो बॅटरीजवळ आणला. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर मध्येच कुठं पत्र्याला घासली तर शेवटच्या टोकाचा फ्यूज काहीच कामाचा नाही, आणि झोपायच्या गाडीत तर ही हयगय चालतच नाही. पुन्हा मोजलं: पंपावर 11.6. इंजिन चालू केल्यावर चार्जिंग 25 अँपिअरच्या वर.

नळाला धार आली. काका खूश झाले. पण नळ बंद केल्यावर पंप थांबला आणि मिनिटाभरात परत टुकटुकला. परत थांबला, परत टुकटुकला.

या पंपात प्रेशर स्विच असतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि साधारण 35 ते 45 पीएसआय दाबाला स्विच लाईन तोडतो. तो परत परत लागतो म्हणजे दाब कुठंतरी निसटतोय. सगळे सांधे कोरड्या कपड्यानं पुसून पाहिले, थेंब नाही. पंपाच्या पुढचा कॉक बंद केला, तरी टुकटुक चालूच. म्हणजे दोष पंपाच्या आतच, पाणी व्हॉल्व्हमधून उलटं टाकीत जात होतं. आता रात्रीचा उलगडा झाला. व्होल्ट कमी, त्यात व्हॉल्व्ह गळका, त्यामुळं दाब कटऑफला पोचतच नव्हता आणि पंप रात्रभर चालूच राहिला. काकूंना तो आवाज फ्रीजचा वाटला होता. सहा अँपिअरनं आठ तास धरले तरी पन्नासेक एएच तिथंच गेले.

पंपाचं डोकं उघडलं. रबराच्या छोट्या व्हॉल्व्हखाली वाळूचा एक कण, मोहरीपेक्षा लहान. कुठल्या तरी बोअरचं पाणी भरलं असणार. पण तो आत आला कसा? टाकी आणि पंपाच्या मध्ये जाळीच बसवलेली नव्हती. गाडी बनवणाऱ्याशी माझा परिचय नाही, पण एवढी मोठी रक्कम घेऊन दोन-अडीचशे रुपयांची जाळी वाचवावी, याचा मला राग आला.

फवारणी पंपातही असाच छोटा डायफ्राम पंप असतो, 12 व्होल्टचाच, त्यामुळं जाळी माझ्या दुकानात होती. पोरानं दुरुस्तीला आलेल्या पंपाची धुतलेली जाळी पुढं केली. ती मी हातातून काढून घेतली. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. औषधाला लागलेली वस्तू कितीही धुतली तरी पिण्याच्या पाण्याला लावायची नाही, हे त्याला तिथंच सांगितलं. कृषी केंद्रातून सीलबंद पाकिटातली नवीन जाळी मागवली आणि टाकीच्या तोंडाशी बसवली. व्हॉल्व्ह धुऊन परत लावला, नळ बंद केला. पंप थांबला तो थांबलाच.

काकांनी पोराला विचारलं, "याला पुढं काय काय पाहावं लागेल?" त्यानंच सगळं समजावलं: जाळी महिन्यातून एकदा उघडा, बॅटरीत डिस्टिल वॉटरच टाका, उन्हाळ्यात पातळी जास्त वेळा पाहा, बोअरचं पाणी कपड्यातून गाळून भरा. मी मध्ये बोललो नाही.

दुपारी ते कोलारा गेटकडं निघाले. इन्सुलिनचा डबा बायकोनं ओल्या कपड्यात गुंडाळून दिला आणि फ्रीज गार होईपर्यंत तसाच ठेवायला सांगितलं. आठवड्यानं काकांचा फोटो आला, हायड्रोमीटर धरलेला, आकडा 1240 च्या जवळ. खाली लिहिलं होतं, "एका सेलची पातळी कमी दिसतेय, किती पाणी टाकू?" मी लिहिलं, प्लेटा बुडून वरच्या खुणेपर्यंत, त्याच्यावर नको.