तेलाचा डबा नको, कोठीवाला गाठा : २१ सेंटीमीटरचा हॉर्न

अवकाशातला हायड्रोजन वायू २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो; ही २१ सेंटीमीटरची रेघ पकडायला भलीमोठी डिश लागते, हा समज काही केल्या जात नाही. १९५१ साली हार्वर्डमध्ये युवेन आणि पर्सेल यांनी ती पहिल्यांदा टिपली, ती प्लायवूडला आतून तांबं मारलेल्या हॉर्नने, म्हणजे कर्ण्यासारख्या अँटेनाने. पाऊस आला की त्याच कर्ण्यातून पाणी थेट प्रयोगशाळेत यायचं. आपल्या गच्चीवरही तेवढ्यावर भागतं.

शिवाय सोलापूरकरांना एक आयती सोय आहे. आपला अक्षांश १७.७ अंश. हॉर्न सरळ वर तोंड करून ठेवला की फिरवाफिरवी न करता आकाशगंगेचा पट्टा दिवसातून दोनदा त्याच्यासमोरून जातो. एकदा तर डब्ल्यू ५१ हा वजनदार ताऱ्यांचा कारखाना डोक्यावरून जेमतेम तीन अंशांवरून सरकतो. अंतर साधारण १७ हजार प्रकाशवर्षं.

आता पत्रा. १५ किलोच्या तेलाच्या डब्याचा मोह सगळ्यांना होतो, पण तो टाळा. डब्याचा तळ साधारण २३ बाय २३ सेंमी. त्यात ही लहर एकाच रीतीने चालत नाही, दोन-तीन मोड एकदम उठतात, ताकद त्यांच्यात वाटली जाते आणि बीम, म्हणजे हॉर्नला दिसणारा आकाशाचा तुकडा, वेडावाकडा होतो. ज्वारीच्या कोठ्या करणारा पत्रेवाला गाठा आणि २६ गेजच्या जीआय पत्र्याची १६.५ बाय ८.२५ सेंमी आतल्या मापाची, २२ सेंमी लांबीची, एका बाजूने बंद अशी पेटी करून घ्या. हेच वेव्हगाइड, म्हणजे लहर वाहून नेणारी पोकळ नळी. यात १४२० मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटीमीटरच्या वारंवारतेला, एकच मोड चालतो.

कर्ण्याचं तोंड ७५ बाय ६० सेंमी, खोली ७० सेंमी. पत्रे चार. दोन पत्र्यांची एक कड १६.५, समोरची ७५, मधली उंची ७४.६. उरलेल्या दोघांची एक कड ८.२५, समोरची ६०, उंची ७५.९. कापण्याआधी तिरप्या कडा मोजा. चारही पत्र्यांच्या त्या ८० सेंमीच्या आसपास आणि एकमेकींशी जुळत्या हव्यात. नसतील तर आखणी चुकली आहे. जोडासाठी दोन सेंमी पट्टी जास्त ठेवा, दर पाच सेंमीला रिव्हेट मारा आणि आतून अ‍ॅल्युमिनियम टेप लावा. एका ८ बाय ४ फुटी पत्र्यात हे सगळं बसतं. याचा बीम साधारण २० अंशांचा. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची ४५ मीटरची एक डिश याच तरंगलांबीला अर्ध्या अंशाहूनही बारीक पाहते, तेव्हा बारकाव्याची अपेक्षा ठेवू नका.

खरी मेख प्रोबमध्ये, म्हणजे पेटीतली लहर टिपणाऱ्या सळईत आहे. दोन-तीन मिमी जाडीची तांब्याची सळई, लांबी ५ सेंमीच्या आसपास, पेटीच्या रुंद बाजूच्या बरोबर मध्यरेषेवर, एन कनेक्टरला सोल्डर केलेली. बंद टोकापासून अंतर किती? बहुतेक जण २१.१ ला चाराने भागून ५.३ सेंमी धरतात. पण पेटीच्या आत तरंगलांबी ताणली जाते, २७.४ सेंमी होते; तिचा चौथा हिस्सा ६.९ सेंमी. ही दीड सेंमीची चूक सॉफ्टवेअरमध्ये कुठेही दिसत नाही, सिग्नल फक्त मरगळलेला येतो आणि माणूस अँटेना सोडून संगणकाला जोडलेल्या रिसीव्हर डोंगलला शिव्या घालत बसतो. सळई आधी ५.५ ठेवा आणि नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) लावून एकेक मिलिमीटर कातरत जा. १४२० ला प्रोबवरून परत फिरणारा सिग्नल उणे १५ डेसिबलच्या खाली गेला की थांबा.

अ‍ॅम्प्लिफायर कनेक्टरलाच लावायचा. मध्ये केबल घातली आणि तिने एक डेसिबल जरी खाल्लं, तरी सिस्टीमच्या गोंगाटात (तो तापमानासारखा केल्विनमध्ये मोजतात) ७५ केल्विनची भर पडते. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये १४२० चा फिल्टर हवाच. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, पण शेजारच्या मोबाइल टॉवरला अडवणार कोण? त्यापुढे आरटीएल-एसडीआर, म्हणजे तो यूएसबी डोंगल, २.४ मेगाहर्ट्झ रुंदी, ५१२ चॅनेल. वायू दूर जात असला की वारंवारता घटते, जवळ येत असला की वाढते; त्या हिशोबाने एका चॅनेलला साधारण एक किलोमीटर प्रतिसेकंद वेग. डोंगल टीसीएक्सओवालाच (तापमानाने सहसा न ढळणाऱ्या घड्याळाचा) घ्या. स्वस्तातल्याची ५० पीपीएमची (दहा लाखांत ५०) चूक म्हणजे १५ किमी प्रतिसेकंद, आणि मग अख्खी आकाशगंगा तेवढी सरकते.

रिसीव्हर ठीक आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. हॉर्न स्लॅबकडे तिरपा धरून ताकद नोंदवा, मग आकाशगंगा नसलेल्या आकाशाकडे. साडेपाच डेसिबलच्या आसपास फरक मिळाला तर उत्तम, रिसीव्हरचा गोंगाट १०० केल्विनच्या घरात आहे. तीनच मिळाले तर तो २९० केल्विन आहे. प्रोब आणि पहिला जोड पुन्हा पाहा. स्लॅबकडे सरळ तोंड करू नका, परावर्तनाने रेघेखाली लाटा उठतात. पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली हॉर्नच्या कडेला असेल तर तीही ३०० केल्विनने तापलेली दिसते. स्लॅबची नोंद प्रत्येक निरीक्षणाआधी घ्यायचीच, कारण डोंगलच्या स्वतःच्या कुबडाने, म्हणजे स्लॅबच्या नोंदीने, आकाशाच्या नोंदीला भागल्याशिवाय रेघ बाहेर येत नाही.

तासन्तास नोंदी घेण्याचा हट्टही नको. गोंगाट १५० केल्विन धरला तरी पाच मिनिटांत एका चॅनेलमधली चूक ०.१३ केल्विनवर येते, आणि आकाशगंगेच्या पट्ट्यातली रेघ दोन आकडी केल्विनची असते. त्यापुढे वेळ वाढवून उपयोग नाही, बेसलाइन, म्हणजे रेघेखालची पातळीच हलते. एप्रिल-मेमध्ये तर अ‍ॅम्प्लिफायर गच्चीवर भाजून निघतो आणि गेन घसरत जातो. रात्री दहानंतर बसा. ढगांची अडचण नाही. तोंडावर ताणलेल्या प्लास्टिकवर पाणी साचलं तर मात्र आहे.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री ८ च्या सुमाराला आकाशगंगेचा पट्टा डोक्यावर असतो; दर दिवशी चार मिनिटं आधी. रेघ एकच टोकदार नसते, दोन-तीन उंचवटे दिसतात. डब्ल्यू ५१ चा वायू आपल्यापासून साधारण ६० किमी प्रतिसेकंदाने दूर जातो, म्हणून त्या वेगाचा हायड्रोजन १४२०.४१ ऐवजी १४२०.१२ च्या आसपास शोधा. अर्थात तुमच्या बीममध्ये आकाशगंगेच्या त्या भुजेतला सगळाच हायड्रोजन येतो, नवजात तारे दिसत नाहीत. त्यांची खूण हवी तर ६.७ गिगाहर्ट्झचे मिथेनॉल मेसर (लेसरसारखे प्रखर रेडिओ झोत) पाहावे लागतात, आणि ते या कर्ण्याच्या आवाक्याबाहेरचं काम आहे.

एक फसवी गोष्ट. पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेग आणि सूर्याचा स्वतःचा वेग सप्टेंबरात या दिशेला एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. त्यामुळे या वेगांची दुरुस्ती न करताही आकडे बरोबर येतात आणि दुरुस्तीची गरजच नाही असं वाटतं. मार्चमध्ये हीच जागा ४० किमी प्रतिसेकंदाने सरकलेली मिळते.

वारंवारतेचा पट्टी-पेन्सिल हिशोब तपासायचा तर गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेचे दिवस बरे. संक्रांतीला रात्री सव्वाअकराच्या सुमाराला डोक्यावर आकाशगंगेची केंद्राविरुद्धची बाजू असते. तिथला वायू आपल्याला आडवा जातो, त्यामुळे दुरुस्तीनंतर एकच अरुंद रेघ शून्याजवळ यायला हवी. ती दहा-पंधरा किलोमीटर बाजूला पडली तर डोंगलचा पीपीएम आकडा बदला, पत्र्याला हात लावू नका.