सिक्युरिटी परिषदेला जाताय? मग फुकटच्या खोलीत उतरू नका

परिषद ठीक होती. तिला जोडून घेतलेलं प्रशिक्षण उत्तम होतं. आणि ‘निमंत्रित खरेदीदार’ या गोंडस नावाखाली जो प्रकार चालतो तो फसवणूक नसेलही, पण फसवणुकीच्या अंगणातच राहतो. हा वृत्तांत मुख्यतः त्या प्रकारासाठी आहे, कारण निघण्याआधी मी जेवढ्यांना विचारलं त्यांपैकी कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. सगळे एवढंच सांगत होते की व्हिजिटिंग कार्डं भरपूर ने. कार्डं बहुतेक जशीच्या तशी परत आली.

तुम्ही कारखाना, कार्यालय, गोदाम, हॉस्पिटल असं काही ना काही स्वतः सांभाळलंय, असं गृहीत धरून लिहितोय. शिफ्ट बदलतानाची गेटवरची गर्दी, मटेरियल गेटपास, रात्रीचा राउंड हे समजावत बसणार नाही. दिवसभर कडक फरशीवर उभं राहता येईल असे जुने, मळलेले बूटही तुमच्याकडे असतीलच. नवे बूट घालून येणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही.

पहिला दिवस छान गेला. उद्घाटन, भाषणं, ओळखीचे चेहरे. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता तो प्रकार. नोंदणीच्या फॉर्मवर शेवटी काही निरुपद्रवी प्रश्न असतात. खरेदीचा अधिकार तुमच्याकडे आहे का, येत्या वर्षात कॅमेरे, प्रवेशाचं कार्ड वाचणारे रीडर, बॅरिअर यांपैकी काय बदलणार, मंजुरी कोणाची लागते. तिथे ‘हो’ म्हटलं की मेल येतो: प्रवेश फुकट, राहणं फुकट, बदल्यात काही विक्रेत्यांशी ‘छोट्या भेटी’. विक्रेत्यांची यादी येते, त्यातून तुम्ही निवडायचं. तसंही या लोकांना भेटायचंच होतं, मग वाईट काय? कार्डाचा नंबर ‘फक्त हमी म्हणून’ घेतात.

पोचल्यावर वेळापत्रक हातात पडतं, आणि त्यात तुम्ही निवडलेल्या कंपन्या जेमतेम. बाकीच्या अशा, ज्यांना कुणीच निवडलं नसणार. मला कुंपणासाठी सेन्सर बघायचे होते. माझ्या वाट्याला गणवेश शिवणारे आले, हजेरीचं ॲप विकणारे आले, आणि एक गृहस्थ आले ज्यांना आपली कंपनी नेमकं काय बनवते हे सांगता येईना. बरं, भेटी ठेवल्या कधी? ज्या सत्रांसाठी मी आलो होतो नेमक्या त्यांच्याच वेळेला. नोकरीवरून काढलेला माणूस धमकी देऊन गेल्यावर एचआर आणि सिक्युरिटीने मिळून काय करायचं, यावरचं सत्र त्या दिवशीचं सर्वांत उपयोगी होतं, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. मी तेव्हा गणवेशाच्या कापडाला हात लावून बघत होतो. वेळ बदलून मागितली तर काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, ‘सर, सिस्टीममध्ये लॉक आहे.’

ती दुपार म्हणजे या प्रवासातला सगळ्यात खडतर टप्पा. हॉलभर छोटी टेबलं, घंटा वाजली की उठायचं, पुढच्या टेबलावर बसायचं, पुन्हा तेच, ‘सर, यंदा बजेट किती धरलंय?’ दोन घंटांच्या मध्ये पाणी प्यायलाही उसंत नाही. एका टेबलावर तर विक्रेताच आला नाही. मी पूर्ण वेळ रिकाम्या खुर्चीसमोर बसलो. आता गंमत ऐका. हजेरी लागते ती विक्रेत्याने तुमचा बिल्ला स्कॅन केल्यावर. विक्रेता नाही म्हणजे स्कॅन नाही, आणि स्कॅन नाही म्हणजे गैरहजर कोण, तर मी! परतल्यावर कार्डावरून राहण्याचा सगळा खर्च वळता केलेला, वर ‘प्रशासकीय शुल्क’. भांडून खर्च परत मिळवला. शुल्क अजून अडकलेलंच आहे.

आपल्या गेटवर कॉन्ट्रॅक्टरची माणसं आत-बाहेर करताना अशी एकतर्फी हजेरी आपण एक दिवस तरी चालवून घेऊ का? म्हणून ज्यांना हे टाळता येणार नाही (ऑफिस तिकिटाचे पैसे देत नसेल तर नाइलाज असतो), त्यांनी इतरांकडून रोज लिहून घेतो तसा घटनेचा अहवाल इथे स्वतःसाठी लिहावा. रिकाम्या खुर्चीचा फोटो, त्यात भिंतीवरचं घड्याळ दिसलं पाहिजे. टेबल नंबर. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नाव. आणि तिथूनच, घंटा वाजायच्या आत, आयोजकांना मेल. दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या मेलला काडीची किंमत नाही. ज्यांना टाळता येईल त्यांनी सरळ स्वतःच्या पैशाने साधं तिकीट काढावं आणि हॉलपासून लांब कुठेतरी उतरावं.

या भेटींचा पैशापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे, आणि सिक्युरिटीचेच लोक त्याला बळी पडताना बघून मी थक्क झालो. प्रश्न किती भोळे असतात बघा. सध्या पॅनेल कुठल्या कंपनीचं? देखभालीचा करार कधी संपतो? रात्री कंट्रोल रूममध्ये किती जण असतात? मागच्या बाजूला कॅमेरे कमी पडतात का? समोरचा खरंच विक्रेता असेल. पण हॉलमध्ये शिरायला फॉर्म भरण्यापलीकडे काही लागत नव्हतं, बिल्ल्यावर स्वतः टाइप केलेलं नाव छापून मिळत होतं, आणि ओळखपत्र कुणी मागितलं नाही. गार्डने अनोळखी माणसाला एवढी माहिती दिली असती तर आपण त्याच दिवशी त्याला साइटवरून हलवलं असतं. इथे मोठमोठे अधिकारी साइटचा नकाशाच टेबलावर मांडत होते. मी एकच उत्तर ठेवलं, ‘ते लेखी विचारा, आमच्याकडून ठरलेल्या पत्त्यावरून उत्तर येईल.’ निम्म्यांचे प्रश्न तिथेच आटले.

प्रदर्शनाला अर्धा दिवस पुरे. चेहरा ओळखणारे, गर्दी मोजणारे चकचकीत पडदे बाजूला ठेवा आणि रीडरच्या प्रत्येक स्टॉलवर एकच प्रश्न विचारा: रीडर ते कंट्रोलर (दार उघडायचं की नाही हे ठरवणारी डबी) या वायरवर काय चालतं? उत्तर ‘विगँड’, म्हणजे जुनी पद्धत, आलं तर पुढे चला. तो संकेत एकतर्फी आहे आणि उघडा आहे, वायरपर्यंत हात पोचला की कार्डाचा नंबर पोचला. ओएसडीपी ही त्याच वायरवरची नवी पद्धत दुतर्फी आहे, आणि २०२० मध्ये त्याला आयईसी ६०८३९-११-५ हे आंतरराष्ट्रीय मानकाचं रूपही मिळालं. पण तेवढ्यावर खूश होऊ नका. लगेच विचारा की सुरक्षित चॅनल, म्हणजे वायरवरचं बोलणं सांकेतिक करणारी सोय, चालू करून देता, की नुसतीच डबी भिंतीवर ठोकून जाता? त्या संकेताची किल्ली बदलता, की कारखान्यातून आली तशीच ठेवता? मी फिरलो त्या स्टॉलांवर यावर बहुतेकांनी ‘टेक्निकल टीमशी बोलून कळवतो’ असं सांगितलं. त्यांना यादीतून कटाप करा.

हा प्रश्न मला सुचला तो प्रशिक्षणामुळे. म्हणून सांगतो, जमलं तर प्रशिक्षण आधी घ्या आणि प्रदर्शन नंतर बघा. प्रशिक्षकाने वर्गात एकाचं गेटचं कार्ड मागून घेतलं. जुन्या १२५ किलोहर्ट्झच्या जातीचं, जाडसर, कडेला पिवळं पडलेलं. हातातल्या छोट्या यंत्राला ते टेकवलं, मग एक कोरं कार्ड टेकवलं, बीप झाला. कोरं कार्ड टेबलावरच्या रीडरसमोर धरलं तर हिरवा दिवा. कार्डाचे मालक म्हणाले, ‘पण आमच्याकडे अँटी-पासबॅक आहे, आत गेलेलं कार्ड बाहेर पडल्याशिवाय पुन्हा आत चालत नाही.’ प्रशिक्षक म्हणाले, ‘मग तुमच्याआधी मी आत जाईन, आणि तुम्ही बाहेर अडकाल.’ नवी कार्डं घेतली म्हणून सुटलो असंही नाही. मायफेअर क्लासिक या त्यानंतरच्या कार्डाचं सांकेतिक कुलूप संशोधकांनी २००८ मध्येच जाहीरपणे उघडून दाखवलंय, तरी ती कार्डं अजून कितीतरी गेटांवर चालतात.

त्याच वर्गातली दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी पुन्हा पैसे भरेन: वेळेचा हिशोब. चोराला अडवून ठेवणारा वेळ आपल्या माणसांना पोचायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त हवा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण अडवण्याचा वेळ मोजायचा तो त्याचा सुगावा लागल्या क्षणापासून. सुगावा लागण्याआधी त्याने ओलांडलेलं कुंपण कितीही उंच असो, हिशोबात शून्य. कुंपणावर सेन्सर नाही, पहिला अलार्म दरवाज्यावर, दरवाजा मिनिटभरात तुटतो आणि गार्ड चार मिनिटांनी पोचतो, तर कुंपणावर केलेला खर्च त्या रात्री कामाचा नाही. कागदावर आपापल्या साइटचा हा हिशोब करायला लावला तेव्हा वर्गात बराच वेळ कुणी मान वर केली नाही.

टेबलावरचा सरावही (संकटाचा प्रसंग कल्पून बसल्या जागी केलेली तालीम) चांगला होता, पण बसवणारा माणूस खवट हवा. आमचा होता. प्रसंग साधाच, शिफ्ट बदलताना आगीचा अलार्म. सगळ्यांनी सुरेख उत्तरं दिली. मग त्याने चिठ्ठ्या सरकवायला सुरुवात केली. जमायची जागा काचेच्या दर्शनी भिंतीखाली आहे. व्हिजिटर रजिस्टर रिसेप्शनवर, म्हणजे इमारतीच्या आत राहिलंय. सर्व्हर रूमचं दार वीज गेल्यावर उघडं राहतं की बंद, कुणाला माहीत? कॉन्ट्रॅक्टरची माणसं किती आत होती? शेवटच्या चिठ्ठीला आमच्या टेबलावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. सराव निवडताना आधी विचारून घ्या की असे अडथळे घालणार आहात, की नुसती स्लाइड दाखवून चर्चा? स्लाइड असेल तर झोप काढा, तेवढाच आराम.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत माहितीपत्रकं जाणूनबुजून घोळ घालतात. हजर राहिल्याचा कागद वेगळा, आणि परीक्षा देऊन मिळवलेली पात्रता वेगळी. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एसिस या सिक्युरिटीवाल्यांच्या संस्थेची सीपीपी ही अनुभवी सिक्युरिटी व्यवस्थापकांसाठीची पात्रता १९७७ पासून चालू आहे. तिच्या पेपरात २२५ प्रश्न असतात, गुण त्यातल्या २०० ना, आणि मिळाल्यावरही दर तीन वर्षांनी ६० क्रेडिट दाखवावे लागतात. त्यासाठी अनुभवाची अट आहे. ज्यांची नुकती सुरुवात आहे त्यांनी त्याच संस्थेची एपीपी बघावी, आणि ज्यांचं काम मुख्यतः कुंपण, कुलपं, कॅमेरे यांचं आहे त्यांनी पीएसपी. इतर कुणी ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ म्हणत असेल तर परीक्षा आयएसओ-आयईसी १७०२४ (व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठीचं मानक) प्रमाणे घेतली जाते का, एवढं विचारा. आणि कुणी तुमच्या कंपनीला आयएसओ ३१००० चं सर्टिफिकेट मिळवून देतो म्हणाला तर चहा पिऊन उठा. ते जोखीम हाताळण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांचं मानक आहे, त्याचं सर्टिफिकेट कंपनीला मिळत नाही. अखंडित कामकाजासाठीच्या आयएसओ २२३०१ चं मिळतं. आणखी एक, तयारीच्या वर्गाच्या शुल्कात परीक्षेचं शुल्क धरलंय का, हे लेखी घ्या. आमच्या बॅचमधल्या अर्ध्या लोकांना ते धरलेलं नाही हे शेवटच्या दिवशी कळलं, आणि तेव्हा झालेला आरडाओरडा अगदी रास्त होता.

ओळखींचं म्हणाल तर संध्याकाळचा संगीत लावलेला कार्यक्रम सोडून द्या. तिथे विक्रेते विक्रेत्यांना भेटतात. बंद खोलीतली, चॅटहॅम हाउसच्या नियमाने चालणारी चर्चा असेल तर पाय कितीही दुखत असोत, तिथे जा. नियम १९२७ चा आहे आणि साधा आहे: ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं आणि कुठल्या संस्थेचं, ते बाहेर सांगू नका. एवढी हमी मिळाली की लोक खरं बोलतात. एका मोठ्या गोदामाच्या सिक्युरिटी प्रमुख बाईंनी सांगितलं, ‘आमची चोरी कधी कुंपणावरून झालीच नाही. आगीच्या दारातून झाली. सिगारेटला जाणारी माणसं दाराला आग विझवायचा सिलिंडर टेकवून ठेवायची, आणि दार उघडं राहिल्याचा अलार्म वाजून वाजून ऑपरेटरने बंद केला होता.’ खोलीत सगळे हसले, आणि मग एकेकाने आपापलं दार सांगितलं. कुणाकडे वीट, कुणाकडे घडी केलेला पुठ्ठा. अलार्म बंद करण्याचा अधिकार ऑपरेटरकडे ठेवायचा की नाही, यावर तिथे जेवढं ऐकलं तेवढं इतर सगळ्या सत्रांत मिळून ऐकलं नाही. त्या रात्री मी थकलो होतो, पण झोप येईना.

अशा खोलीत भेटलेल्या माणसाला परत आल्यावर आठवड्याच्या आत एक नेमका प्रश्न पाठवा. ‘भेटून आनंद झाला’ या मेलला उत्तर येत नाही. ‘तुमच्याकडे कॉन्ट्रॅक्टरची आत-बाहेरची नोंद कशी ठेवता, कोरा फॉर्म पाठवता का?’ याला येतं. मी बाईंना तेच विचारलं, दुसऱ्याच दिवशी फॉर्म आला. आमच्या गेटवर आता तो चालू आहे. त्यात एक रकाना वाढवलाय, माणूस बाहेर कुठल्या दाराने गेला त्याचा, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की बरीच माणसं गेटने जातच नाहीत.