तुम्ही विचारलंत म्हणून: मी स्प्लिटर उसना का देत नाही

मेपलची पानं तांबडी व्हायला लागली की आमच्याकडे फोन सुरू होतात. "तुमचं ते लाकडं फोडायचं मशीन शनिवार-रविवारपुरतं मिळेल का?" विचारणारे बहुतेक यांनाच विचारतात, कारण असलं मशीन पुरुषाचंच असणार. हे शांतपणे माझ्याकडे बोट दाखवतात. मी नाही म्हणते. मग समोरची व्यक्ती हसून विषय बदलते आणि घरी जाऊन काय म्हणते ते मला आडून कळतंच. यंदा बॉस्टनला गणपतीच्या जेवणात एकाने पंगतीतच विचारलं, "काय हो, नजर लागते का तुमच्या मशीनला?" म्हणून एकदाचं लिहून टाकते.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या आमच्या या कोपऱ्यात घर उबवायला लाकूड का जाळायचं, तेलाचा बॉयलर असताना कशाला हा उद्योग, ते लिहीत बसत नाही. मशीन मागणारे तुम्ही, तुम्हाला ते ठाऊक आहे.

आधी काय कारण नाही ते सांगते. पेट्रोलचा हिशेब नाही. मशीन बिघडेल ही भीती तर अजिबात नाही. त्यात बिघडण्यासारखं आहे काय? छोटं इंजिन, पंप, चार इंची सिलिंडर, पोलादी तुळई आणि दांड्याच्या टोकाला पाचर. अंगावर 22 टन लिहिलंय. चार इंची सिलिंडरला 3,000 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब दिला तर माझ्या हिशेबाने 19 टनांच्या आतच ताकद येते, पण दुकानदारांचे टन नेहमीच जरा गुटगुटीत असतात. एवढ्यात ओकचा गाठाळ ओंडकाही फुटतो. आणि अ‍ॅशच्या झाडांसाठी मागत असाल तर मागूच नका. 2013 मध्ये कॉन्कॉर्डला ही झाडं मारणारा तो हिरवा भुंगेरा सापडल्यापासून ज्याच्या त्याच्या आवारात मेलेले अ‍ॅश उभे आहेत हे खरं, पण अ‍ॅशच्या लाकडाच्या रेषा सरळ, कुऱ्हाडीने दोन घावांत फुटतो. कुऱ्हाड मी देते. घण आणि पाचरीही देते. मशीन देत नाही.

आता मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट. हे घर उसन्या स्प्लिटरवर तगलेलं आहे. 2008 च्या डिसेंबरात, 11 तारखेच्या रात्री, बर्फाचा पाऊस झाला तेव्हा राज्यात चार लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. काहींची तर जवळजवळ दोन आठवडे आली नाही. वीज नाही म्हणजे बॉयलर नाही, विहिरीचा पंप नाही, म्हणजे पाणीही नाही. घरात लाकडाची शेगडी होती, पण जळण म्हणून होते ते जाडजूड अख्खे ओंडके. रस्त्यापलीकडच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने स्वतःचा स्प्लिटर ट्रॅक्टरला जोडून आमच्या अंगणात आणून ठेवला, दोरी कशी ओढायची ते दाखवलं आणि "झालं की सांगा" म्हणून निघून गेला. ना कुठे सही, ना काही अटी. आपला स्वतःचा घ्यायचा हे मी त्या आठवड्यात ठरवलं, आणि घेतला की मागेल त्याला द्यायचा हेही तेव्हाच ठरवलं होतं.

आणि दिला. बरीच वर्षं दिला. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात आमच्या एका स्नेह्यांनी मागितला तोपर्यंत.

ते स्वतः घ्यायला आले. मी त्यांना अंगणात उभं करून सगळं दाखवलं. ओंडका बाजूंनी धरायचा, टोकांना हात लावायचा नाही. तेलाच्या नळीला गळती वाटली तर हात फिरवून बघायचं नाही, बारीक भोकातून दाबाने सुटलेलं तेल कातडीच्या आत शिरतं, पुठ्ठा धरून बघायचं. आणि मशीनवर माणूस एकच, दुसऱ्याने लांब उभं राहून रचाई करायची. ते इंजिनियर, सगळं लक्ष देऊन ऐकलं, एक-दोन शंकाही विचारल्या. दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीहून त्यांचे मेव्हणे सहकुटुंब आले. आता घरात दोन धडधाकट पुरुष, बाहेर मजेदार यंत्र आणि पोटात जड जेवण. एकाने ओंडका ठेवायचा, दुसऱ्याने लीव्हर ओढायचा, अशी वाटणी झाली. कोणीही केली असती. काम दुप्पट वेगाने होतं, हे तर दिसतंच.

तो ओंडका तिरका कापलेला होता. टोक सरळ नसलं की पाचरीसमोरच्या ज्या प्लेटवर ओंडका दाबला जातो तिला तो नीट टेकत नाही, कलतो. स्नेह्यांनी तो सरळ करायला डावा हात टोकाशी, प्लेट आणि लाकूड यांच्या फटीत घातला. कानांवर आवाज अडवणारे मफ, इंजिन सुरू. त्यांनी खाली बघायला मान हलवली. मेव्हण्यांना वाटलं, होकार दिला.

हा पंप दोन टप्प्यांचा असतो. पाचर लाकडाला भिडेपर्यंत तो भरभर ढकलतो आणि विरोध लागला की हळू होऊन जोर लावतो. म्हणजे जो टप्पा हळू असायला हवा होता तोच वेगाचा. पाचरीने ओंडका मागे सरकवला, ओंडक्याने हात प्लेटवर दाबला. बोटांचा विरोध या पंपाच्या खिजगणतीतही नसतो. मेव्हण्यांनी लीव्हर सोडला, पाचर थांबली, पण थांबली म्हणजे मागे आली नाही. मागे आणायला लीव्हर उलटा ढकलावा लागतो, आणि ते त्यांना कोणी दाखवलेलंच नव्हतं. दाखवलं होतं ते ज्यांचा हात आत होता त्यांना. त्यांनीच उजव्या हाताने तो ढकलला.

मधलं बोट आणि अनामिका, दोन्ही वरच्या पेराशी गेली.

हे सगळं मला मेव्हण्यांनी सांगितलं, दोन दिवसांनी, रात्री उशिरा फोन करून. माझी त्यांची ओळखही नव्हती. ते पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "त्यांनी मान हलवली हो." मी हो हो म्हणत राहिले. तिसऱ्यांदा ते म्हणाले तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "मी सांगितलं होतं, एकट्यानेच चालवायचं." पलीकडे गप्प. मग ते म्हणाले, "मला नव्हतं सांगितलं."

त्याच आठवड्यात मशीन परत आलं. स्वच्छ धुतलेलं, टाकी काठोकाठ भरलेली. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करू नये, तसं. ते कोणी धुतलं असेल, याचा विचार मी करत नाही.

वहिनींना भेटायला गेले तर त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही द्यायला नको होतं." मला राग आला. आजही येतो. मी सगळं सांगितलं होतं, अगदी पुठ्ठ्यापर्यंत! पण त्यांच्या जागी उभी राहून बघते तेव्हा दिसतं की लीव्हरवर भाऊ त्यांचा, बोटं नवऱ्याची. रागवायला उरले ती मीच. ते मेव्हणे त्या घरी पुन्हा आलेले नाहीत. स्नेही मात्र भेटले की पूर्वीसारखेच हसतात आणि लाकडांचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जातात.

तेव्हापासून नाही म्हणते. आता तुम्ही म्हणाल, आणि माझ्या आतली सावंतवाडीकडची मुलगी तर रोज म्हणते, की हे काही खरं नाही. आमच्याकडे आगोटीला, पावसाआधी लाकडं फोडून पडवीत रचायची तेव्हा कुऱ्हाड वाडीभर फिरायची. शिडी फिरायची, पहार फिरायची. शिडीवरून पडून माणसं अधू झालेली मी बघितलीत. कोणी शिडी द्यायचं बंद केलं नाही. मग तुझ्याच यंत्राला एवढं सोवळं कशाला?

तिला मी सांगते, शिडीवर जो चढतो तोच पडतो. इथे लीव्हर एकाच्या हातात आणि बोटं दुसऱ्याची. ती म्हणते, शिडी खाली कोणीतरी धरलेली असते की, त्याने सोडली तर? यावर माझ्याकडे उत्तर नाही. युरोपात घरगुती मशीनलाही दोन लीव्हर असतात, दोन्ही हातांनी एकदम धरून ठेवावे लागतात, एक सुटला की पाचर थांबते. मी म्हणते, तसलं असतं तर दिलं असतं. ती म्हणते, त्याने चालवणाऱ्याचे हात वाचले, ओंडका धरणाऱ्याचे कुठे? हेही खरंच. तिच्याशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेली नाही, आणि तरीही मशीन देत नाही.

भाड्याने मिळतं ना, असं मीच सुचवते. तेच मशीन, तीच पाचर, दुकानदार फक्त एका कागदावर सही घेतो. म्हणजे तुमच्या बोटांपेक्षा मला माझी झोप प्यारी, असा अर्थ होतो. होऊ दे. विश्वास नाही का आमच्यावर, असं जे विचारता, तर नाही. तुमच्याकडे पाहुणा कोण येणार आहे हे तुम्हालाही माहीत नसतं.

मात्र पलीकडच्या त्या म्हाताऱ्यांच्या मुलाने गेल्या आठवड्यात विचारलं. वडील गेले, त्यांचा जुना स्प्लिटर गंजून बसलाय. त्यालाही मी तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगते: मी येते मशीन घेऊन. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. 2008 त्याला आठवत असणार, तेव्हा तो कॉलेजात होता. मग "बरं" म्हणाला आणि त्याच्या त्या "बरं"मध्ये काय काय होतं ते मी अजून उलगडतेय.

तर, ऑक्टोबरभर माझे रविवार मोकळे आहेत. मशीन मी गाडीमागे जोडून आणते, चालवते मीच. ओंडके 16 इंचांच्या आत हवेत, दोन्ही टोकं सरळ कापलेली. ओक असेल तर यंदाच्या थंडीचा विचार सोडा, त्याला वाळायला दोन उन्हाळे तरी लागतात. रचायला माणसं कितीही बोलवा, ती तुळईपासून दहा फूट लांब उभी राहतील. चहा मी थांबल्यावरच पिते, इंजिन चालू असताना कप पुढे करू नका.