बंधाऱ्यावरचे काका

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर सायकल टेकवून पाणी बघत होतो तर म्हशी घेऊन चाललेले काका थांबले, "गाडी न्हाई व्हय रं घरात?" आहे की म्हटलं, पण सायकलच काढली आज. म्हणाले, "बरं केलंस. गाडीवाल्यास्नी बरगं कधी घातलं, कधी काढलं ते बी कळत न्हाई."

हे डोक्यातनं जाईना. कोल्हापुरी बंधाऱ्याचं सगळं गणितच त्या बरग्यांवर, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्यांवर; पाऊस सरला की खांबांच्या खाचांत बसवायचे, पुराआधी काढायचे. आज फटींतनं पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडत होत्या, इतक्या जवळनं मी कधी बघितल्याच नव्हत्या.

पुढं उसातनं वडणग्याच्या तळ्यापर्यंत गेलो. रंकाळा, कळंबा, पंचगंगा, एवढं पाणी दारात आणि आपण काचा वर करून जातो. रविवारी येतंय का कोण सायकल घेऊन?