हजाराच्या पायरीवर अडलेला ॲक्सॉन

दाट फांद्यांची पुरकिंजे पेशी (मेंदूतली एक चेतापेशी) सेकंदाभरात रंगून आली आणि जेमतेम चार फांद्यांच्या ॲक्सॉनवर, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूवर, रंग भरणारी स्क्रिप्ट अडली, हे मला आधी पटेचना. उलटं व्हायला हवं होतं. पण पॅराव्ह्यू या चित्रणाच्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत पायथनची तक्रार स्पष्ट दिसत होती: रिकर्शनची, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारण्याची, कमाल खोली ओलांडली.

मी एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांना चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मदत करतो. ट्रेसिंगची, म्हणजे बिंदूबिंदूने गिरवलेल्या पेशीची, फाइल घेऊन आलेली पीएचडीची मुलगी निदान करूनच आली होती. "दादा, ट्रेसिंगमध्ये कुठेतरी लूप झालाय. फंक्शन त्यातच गोल फिरतंय."

शंका रास्त होती, कारण ही मर्यादा मुळात अशाच घोळांसाठी असते. व्हीएमडी या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टीसीएल भाषेतली स्क्रिप्ट हजार पातळ्यांच्या खाली गेली, तर येणाऱ्या संदेशात 'अनंत लूप?' असं प्रश्नचिन्हासकट विचारलेलं असतं. पायथनचा मूळ आकडाही १०००, मॅटलॅबचा ५००. प्रश्नचिन्ह मला आवडतं. निदान खात्रीचा आव तरी नाही.

पण या फाइलमध्ये तसं घडणं शक्यच नव्हतं. न्यूरॉनचा, म्हणजे चेतापेशीचा, आकार एसडब्ल्यूसी फाइलमध्ये साठवतात. एका ओळीत एक बिंदू आणि सात रकाने: क्रमांक, प्रकार, तीन निर्देशांक, त्रिज्या आणि शेवटी पालक बिंदूचा क्रमांक. मुळाला पालक नसतो, तिथे उणे १. प्रत्येक बिंदूला पालक एकच. आता मुळापासून खाली उतरत जाऊन लूपमध्ये शिरायचं, तर लूपमधल्या एखाद्या बिंदूला दोन पालक लागतील, एक आतला आणि एक बाहेरचा. रकाना तर एकच आहे.

मग खोली आली कुठून? स्क्रिप्ट प्रत्येक बिंदूला रंग देत होती तो त्याच्यापुढे एकूण किती लांबीचा ॲक्सॉन उरलाय त्यावरून. फंक्शन आपल्या पोरांना विचारायचं, पोरं त्यांच्या पोरांना. लिहिलं होतं सुरेख, गणिताच्या व्याख्येबरहुकूम. फक्त तिने बिंदूंमधलं अंतर सारखं करून घेतलं होतं, दर मायक्रोमीटरला एक बिंदू. पुरकिंजे पेशीला फांद्या शेकड्यांनी असल्या, तरी पेशीकायेपासून कुठल्याही टोकापर्यंतची वाट काहीशे मायक्रोमीटरची. हा ॲक्सॉन मात्र उंदराच्या मेंदूतून १२ मिलिमीटर गेला होता. एकात एक अशा १२,००० हाका! फांद्या किती, याच्याशी खोलीचा संबंधच नव्हता; संबंध होता लांबीशी.

मर्यादा वाढवायला पायथनमध्ये एक ओळ पुरते. ती वाढवली आणि माझ्या लिनक्सवर चित्र आलं. तिच्या विंडोजवर तीच स्क्रिप्ट चालवली, तर संदेश नाही, काही नाही, पॅराव्ह्यूची अख्खी खिडकीच गायब. असं होतं, कारण प्रत्येक हाक स्टॅकवर, म्हणजे चालू हाकांसाठी राखलेल्या मेमरीत, थोडी जागा अडवते; मडक्यांची उतरंड चढत जावी तशी. लिनक्सवर या उतरंडीला बहुधा ८ एमबी मिळतात, विंडोजवर साधारण १ एमबी. पायथनचा हजार हा आकडा कुंपणासारखा नुसता अलीकडे उभा असतो. तो हलवल्याने पलीकडची जागा वाढत नाही. (पायथन ३.११ पासून साध्या पायथन फंक्शनच्या हाका या स्टॅकवर रचल्या जात नाहीत. आमच्याकडचा पायथन त्याआधीचा होता.)

"मग आकडा थोडा कमी ठेवूया?" तिने विचारलं.

"नको. पुढची पेशी आणखी लांब निघेल."

उपाय फाइलमध्येच होता. बहुतेक एसडब्ल्यूसी फाइलींत पालकाची ओळ पोराच्या आधी येते. तेव्हा शेवटच्या ओळीपासून वर यायचं आणि प्रत्येक बिंदूची बेरीज, मधल्या अंतरासह, त्याच्या पालकात टाकत जायचं. पालकाची पाळी येईपर्यंत त्याची सगळी पोरं येऊन गेलेली असतात. रिकर्शन नाही, स्टॅक नाही, साधा फॉर लूप. १२,००० काय नि १२ लाख काय.

मात्र हे क्रमावर विसंबून आहे, म्हणून सुरुवातीला एक तपासणी घातली: पालक पोराच्या नंतर आला, तर थांब आणि ओळ दाखव. मग तिच्या सगळ्या फाइली त्यातून काढल्या. एका फाइलवर तपासणी थांबली. गंमत म्हणजे ती फाइल जुन्या स्क्रिप्टने कधीच कुरकुर न करता रंगवली होती.

उघडून पाहिलं, तर तिथे खरोखरच लूप होता. दोन ट्रेसिंग जोडताना एका तुकड्याच्या पहिल्या बिंदूने मुख्य खोडाऐवजी स्वतःच्याच एका वंशजाला पालक धरलं होतं. मुळापासून त्या तुकड्याकडे वाटच उरली नव्हती. त्यामुळे जुनं फंक्शन तिथे पोहोचायचंच नाही आणि न पोहोचल्याची तक्रार तरी कशी करणार? रंग भरलेल्या चित्रात तो तुकडा नव्हताच.

तिने त्या तुकड्याचे निर्देशांक मेंदूच्या ॲटलासवर ताडून पाहिले. तो थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागात जात होता. तिच्या तक्त्यात ही पेशी 'थॅलॅमसला न जाणाऱ्या' गटात होती आणि तो तक्ता तिने गाईडना आदल्याच आठवड्यात पाठवला होता.

"दादा, ही तपासणी मला वेगळी करून द्या," ती म्हणाली आणि लॅपटॉप उघडाच घेऊन गाईडच्या खोलीकडे निघाली.