चांदीला चिकटलेला रंग

लहानपणी तोंड आलं की आई जीभ जांभळी करून सोडायची. ते जेन्शन व्हायोलेट, म्हणजेच क्रिस्टल व्हायोलेट, आता माझ्या टेबलावर असतं. रंग एवढा गडद, पण पाण्यात विरघळवून हिरवा लेझर टाका, चकाकी जवळजवळ शून्य. रेणूची तीन कडी गरगरतात आणि घेतलेली ऊर्जा उष्णतेत घालवतात. शेजारच्या बाटलीतलं रोडामिन ६जी मात्र शंभर फोटॉन घेतले तर पंच्याण्णवच्या आसपास परत करतं.

चमक वाढते का पाहायला मला हे दोन्ही रंग खडबडीत चांदीवर बसवायचे होते. काचेवर चांदीचा जेमतेम काही नॅनोमीटरचा थर चढवला की सलग पत्रा होत नाही, बेटं बेटं होतात. गुळगुळीत चांदीतल्या इलेक्ट्रॉनांच्या लाटा प्रकाशाशी थेट जुळत नाहीत. बेटांवर जुळतात, आणि टोकांशी, फटींत प्रकाश एकवटतो. म्हणून मी सरळ स्लाइड रोडामिनमध्ये बुडवली, धुतली, मायक्रोस्कोपखाली ठेवली. अंधार! साध्या काचेवर याहून जास्त दिसलं असतं.

"सर, चांदीनं खाल्लं सगळं."

"थेट चिकटवलंस ना? खाणारच."

धातूला अगदी खेटलेला रेणू आपली ऊर्जा प्रकाश न करता चांदीलाच देऊन टाकतो. मग मध्ये सिलिकाचा, म्हणजे काचेसारख्या पदार्थाचा, दहा नॅनोमीटरचा थर दिला, तेव्हा चमक आली. गंमत म्हणजे जास्त पटींनी वाढला तो जांभळा. आधीच पंच्याण्णव देणारा आणखी किती वाढणार? चांदी शेजारी असली की रेणू लवकर प्रकाश सोडतो, ऊर्जा उष्णतेत घालवायला त्याला वेळच उरत नाही. आळशी रंगाला याचा फायदा अधिक.

पहिली स्लाइड मी टाकूनच देणार होते. सर म्हणाले, रामनवर लाव. म्हणजे रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाचा बदललेला रंग मोजून रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर. १९७४ साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनमध्ये फ्लाइशमन, हेन्ड्रा आणि मॅक्क्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड मुद्दाम खडबडीत केला, तो केवळ त्यावर जास्त पिरिडीन (एक सेंद्रिय द्रव) मावावं म्हणून. त्याचा रामन सिग्नल वाढला. तो नुसत्या क्षेत्रफळामुळे नव्हे, दर रेणूमागे लाखपट वाढलाय, हे १९७७ मध्ये दोन वेगळ्या गटांनी दाखवलं. रामन संकेताला हे खेटून बसणं मानवतं. उलट वर पसरणारी फ्लुओरेसन्सची, म्हणजे रंगाच्या स्वतःच्या चकाकीची, झळाळी चांदीनं गिळली की रेषा स्वच्छ दिसतात.

माझ्या 'फसलेल्या' स्लाइडवर 612 आणि 1363 cm⁻¹ ला (रामन रेषांचं माप) सुयांसारख्या रेषा उभ्या होत्या. स्लाइड डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा दूर ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवलीय. चांदी काळी पडायच्या आत पुन्हा मोजायचीय.