आमची वाटचाल : येथे निबंध लिहून मिळणार नाहीत

हीच ओळ आमच्या दारावरच्या पाटीवर फर्मच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत आहे. पाटी रंगवणाऱ्यानं दोनदा विचारलं होतं, "बाई, असं लिहिल्यावर गिऱ्हाईक येईल का?" त्याचं काही चुकलं नव्हतं. मधे दोन वर्षं खरंच फारसं कोणी आलं नाही.

परदेशी कला-डिझाइन शिकायला जाणाऱ्या मुलांना इंग्रजीत लिहायला शिकवायचं, हे आमचं काम. 2009 साली पुण्यात सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी आणि सर. मी एका क्लासमध्ये आयएलटीएस, म्हणजे परदेशी प्रवेशासाठीची इंग्रजीची परीक्षा, शिकवत होते आणि सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं तयार करण्यात त्यांची हयात गेली. इंग्रजी त्यांना माझ्याइतकं येत नव्हतं, पण चित्र वाचता येत होतं, आणि या धंद्यात तेच कमी पडतं.

जी. डी. आर्ट, अप्लाइड, टेक्स्टाइल केलेली मुलं लंडन-ग्लासगोला जायची. आयएलटीएसला ओव्हरऑल साडेसहा, रायटिंगला सहा, सगळं जमायचं. आणि पहिल्याच टर्मच्या रिफ्लेक्टिव्ह लेखनात, म्हणजे आपल्याच कामाबद्दल विचार करून लिहिण्यात, आडवी व्हायची. आयएलटीएसचा टास्क टू, म्हणजे निबंधाचा प्रश्न, 40 मिनिटांत जगातल्या कुठल्याही विषयावर 250 शब्द. तिकडच्या कॉलेजात विचारतात, तिसरं सॅम्पल टाकून का दिलं ते सांग. आमच्या मुलांना शाळेनं शिकवलेलं की निबंधात 'मी' आणायचा नाही. मग ती इंग्रजीतही 'कापड रंगवण्यात आले, परिणाम समाधानकारक आढळला' असंच लिहीत. सर वाचून विचारायचे, "हा पंचनामा आहे का रे? रंगवलं कुणी?"

आमचं मुख्य हत्यार म्हणजे चपलांचा एक रिकामा खोका आणि त्यात अप्पा बळवंत चौकातून आणलेली पाच बाय तीनची कार्डं. अकॅडेमिक वर्ड लिस्ट, म्हणजे अभ्यासाच्या लेखनात लागणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी, सगळेच वापरतात, 2000 सालची, 570 शब्दकुळांची. पण तिच्यातलं 'आर्ट्स' म्हणजे इतिहास, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र. तिच्या भरवशावर रंगावर चार ओळी लिहून दाखवा! म्हणून आम्ही आमची यादी केली. एका कार्डावर एक शब्द, खाली मराठी, त्याखाली कुणातरी विद्यार्थ्याचं खरं वाक्य आणि तांबड्या शाईत त्यातली चूक. टिंट म्हणजे रंगात पांढरा, शेड म्हणजे काळा, टोन म्हणजे करडा. मराठीत तिन्ही 'छटा' म्हणून मोकळे. 'पोत'चं कार्ड सरांनी स्वतः लिहिलं होतं. मऊ आणि गुळगुळीत यांत फरक काय, हे त्यांनी तिथं साडी आणि काचेची बरणी काढून दाखवलं होतं.

दुसरं हत्यार रेकॉर्डर. त्याचं श्रेय इचलकरंजीच्या एका मुलाला. 2010 साली तो लंडनला टेक्स्टाइलला गेला. पहिला मसुदा पाठवला त्यात 'सस्टेनेबिलिटी' अकरा वेळा आणि कापड एकदाही नाही. मी फोन केला आणि म्हटलं, इंग्रजी ठेव बाजूला, घरच्या मागांबद्दल मराठीत बोल. तो वीस मिनिटं बोलला. आजोबा डोळे मिटून बसायचे आणि आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या आवाजावरून कुठल्या मागावर सूत तुटलं ते सांगायचे, असं काहीसं. मी ते ऐकून उतरवलं आणि त्यालाच परत पाठवलं : आता हे तू इंग्रजीत लिही. त्यानं लिहिलं. 'धोटा' शब्द तसाच ठेवून पुढं अर्थ दिला. तेव्हापासून आमच्याकडं आधी मराठीत बोलायचं, मग लिहायचं. तो मुलगा आज स्वतः शिकवतो आणि अजून काही छापायला देण्याआधी विचारतो, "मॅडम, वाचून बघता का?" फी न विचारता भरतो. त्यानं पाठवलेली मुलं मोजायची तर दोन हातांची बोटं पुरत नाहीत.

मग 2012 आलं. एप्रिलमध्ये ब्रिटननं शिक्षणानंतर कामासाठी मिळणारा दोन वर्षांचा व्हिसा बंद केला. कर्ज काढून डिझाइन शिकायला जाणाऱ्या घरांचं सगळं गणित त्या दोन वर्षांवर उभं होतं. 2010-11 ला तिकडं 39 हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी होते, 2012-13 ला साडेबावीस हजारही नव्हते. आमच्याकडं त्या जूनमध्ये तिघं आली.

आणि त्याच महिन्यात आमच्याकडं तीन वर्षं काम केलेल्या एका गृहस्थांनी समोरच्या इमारतीत दुकान थाटलं. नाव घेत नाही. पेठेत सगळ्यांना माहीत आहे. त्यांची जाहिरात सोपी होती : विषय सांगा, निबंध न्या. पालक आमच्या जिन्यावरून खाली उतरून समोरचा जिना चढताना मी खिडकीतून पाहिले आहेत. एका वडिलांनी तोंडावर सांगितलं, "तुम्ही पैसे घेऊन वर मुलालाच लिहायला लावता." मी म्हटलं, हो. दोन खोल्यांची एक झाली. सरांनी वर्षभर मानधन घेतलं नाही, आणि ते मला कळू नये म्हणून पावतीवर सही मात्र करत राहिले.

2015 ते 2019 बद्दल लिहिण्यासारखं काही नाही. धंदा चालला. 2021 च्या जुलैत दोन वर्षांचा व्हिसा नव्या नावानं परत आला आणि फोन वाजायला लागला. 2022 मध्ये इंग्लंडनं पैसे घेऊन विद्यार्थ्यांचे निबंध लिहून देणं हा गुन्हा ठरवला. मला पेढे वाटावेसे वाटले. सर असते तर नको म्हणाले असते. समोरची पाटी आता 'करिअर मार्गदर्शन' म्हणते.

आता मुलं चॅटजीपीटीचा मसुदा आणतात. तो मला इचलकरंजीच्या त्या पहिल्या मसुद्यासारखा वाटतो, फक्त व्याकरण बरं. उपाय तोच, रेकॉर्डर.

कुणी विचारलं नाही तरी सांगते. प्रवेशअर्जाच्या स्टेटमेंटच्या पहिल्या ओळीत 'पॅशन' आणि 'लहानपणापासून' घालू नका. स्केचबुकवर तारखा टाका, सहा महिन्यांनी त्याच तुमचा पुरावा होतात. आणि या धंद्यात उतरणाऱ्यांनी पावतीपुस्तक पहिल्या दिवसापासून ठेवावं आणि खोक्याला कुलूप लावावं.

कारण समोरचे गृहस्थ गेले तेव्हा खोकाही गेला. दोनशे चाळीस कार्डं. मी आणि सरांनी आठवून आठवून ती पुन्हा लिहिली, बहुतेक सगळी जमली. 'पोत'चं सरांना पहिल्यासारखं लिहिता आलं नाही. साडी आठवली, बरणी आठवली, मधली ओळ आठवेना. नव्या कार्डावर तिथं एक ओळ कोरी आहे. जुनं समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असावं.